खंडेराव : मावळच्या सेनापतीचे नाव

कामशेतहून रेल्वेने पुण्याकडे जाताना लागणारे तळेगाव ज्या घराण्यामुळे ‘तळेगाव दाभाडे’ म्हणून ओळखले जाते, त्या दाभाडे घराण्यातील खंडेराव यांना छत्रपती शाहूंनी 1717 मध्ये सेनापतिपद दिले आणि मावळात या नावाला मोठा मान मिळाला.

हे नाव मुळात जेजुरीच्या खंडोबाचे असून, एका मतानुसार ते ‘खंडा’ म्हणजे रुंद, सरळ पात्याची तलवार या शब्दावरून आले, तर दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ स्कंद या देवतेत आहे; जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला सुमारे 42 किलोंचा खंडा एका हाताने तोलून धरणारे, प्रसंगी दातांत धरून उचलणारे भाविक पाहिले, की पहिले मत लोकांना का पटते ते कळते.

नवसाच्या मुलाला कुलदैवताचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे ते शेतकऱ्याच्या घरापासून राजवाड्यापर्यंत पोहोचले. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात कामी आले, बडोद्याच्या गादीवर 1856 ते 1870 या काळात खंडेराव गायकवाड होते आणि 1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात खंडू रांगणेकर भारताकडून कसोटी सामने खेळले.

त्याच देवाचे ‘मल्हार’ (मल्ल दैत्याचा अरी, तो मल्हारी) हे नाव आज बारशाला हौसेने ठेवले जाते, पण ‘खंडेराव’ मात्र बहुधा पणजोबांच्या पिढीतच सापडते, ही खेदाची गोष्ट होय.

ज्यांच्या वंशावळीत हे नाव आहे, त्यांनी ते कोणाला व कोणत्या नवसातून दिले गेले हे अवश्य कळवावे.