खुनाच्या गोष्टींतील नवरा

गाजलेली कादंबरी पडद्यावर आणावयाची म्हणजे कांहीं वगळावें लागतें, कांहीं पदरचें घालावें लागतें, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. परंतु काय वगळलें आणि काय घातलें याचा हिशेब मांडूं गेल्यास कादंबरीपेक्षां चित्रपट करणारांच्याच मनाचा ठाव अधिक लागतो. अशा हिशेबास जेम्स केन या अमेरिकन लेखकाच्या 'दि पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' या १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरीइतकें सोईचें उदाहरण दुसरें आमच्या पाहण्यांत नाहीं. विषय व्यभिचाराचा आणि खुनाचा. असलीं पुस्तकें पुष्कळ घरांत माजघरापर्यंत पोंचत नाहींत, आणि तीं पोंचावींत असा आमचाही आग्रह नाहीं. तथापि एकाच गोष्टीवरून फ्रान्स, इटली, अमेरिका आणि जर्मनी या देशांत निरनिराळ्या काळीं चित्रपट निघाले, आणि प्रत्येकास त्याच एका जागीं अडखळावें लागलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

गोष्ट थोडक्यांत अशी. फ्रँक चेंबर्स नांवाचा एक भटक्या तरुण गवताच्या ट्रकमधून हाकलला जाऊन कॅलिफोर्नियांतील हमरस्त्यावरच्या एका खानावळींत येतो. मालक निक पापाडाकिस, हा ग्रीसहून येऊन अमेरिकेचा नागरिक झालेला. त्याची बायको कोरा, अमेरिकन, तरुण आणि नवऱ्यास विटलेली. निक फ्रँकला नोकरीस ठेवतो. थोड्याच दिवसांत फ्रँक व कोरा यांचा संबंध जडतो आणि नवऱ्याचा कांटा काढावयाचें ठरतें. पहिला बेत स्नानगृहांतला. पण ऐन वेळीं एक मांजर विजेच्या पेटीवर चढतें, दिवे जातात, आणि डोकें फुटूनही निक वांचतो. दुसऱ्या खेपेस मोटारच्या अपघाताचें सोंग करून ते त्यास मारतात. पुढें सरकारी वकील, आरोपीचा वकील आणि विमा-कंपन्या यांच्या डावपेंचांत हें जोडपें शिक्षेवांचून सुटतें. मग कोरा गरोदर असतांना खऱ्याच अपघातांत मरते, आणि तो अपघात मात्र खून ठरून फ्रँकला देहान्त शिक्षा होते. पुस्तकभर पोस्टमन कोठेंच येत नाहीं. दाराची घंटा तो पहिल्यानें ऐकूं आली नाहीं तर दुसऱ्यांदा वाजवितोच, एवढाच त्या नांवाचा अर्थ.

केन हा मूळचा वृत्तपत्रकार. १९२७ सालीं न्यूयॉर्क शहरांत रूथ स्नायडर नांवाच्या बाईनें आपला प्रियकर जड ग्रे याच्या मदतीनें नवऱ्याचा खून केला, त्यापूर्वीं त्याच्या आयुष्याचा मोठा विमाही उतरविला होता. १९२८ च्या जानेवारींत दोघांसही विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड झाला. त्या वेळीं एका छायाचित्रकारानें पायाच्या घोट्याला कॅमेरा बांधून आंत नेला आणि मरत्या बाईचें चित्र घेतलें. दुसऱ्या दिवशीं तें वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकलें. केनच्या कादंबरीचें बीज याच खटल्यांत होतें. बायकोचें तें चित्र आज शंभर वर्षें होत आलीं तरी पुन्हा पुन्हा छापलें जातें. आल्बर्ट स्नायडर या मारल्या गेलेल्या गृहस्थाचें नांव मात्र किती जणांस आठवत असेल याची शंकाच आहे. जगाची नजर अशा प्रकरणांत जार आणि जारिणी यांवर खिळते, आणि नवरा हा केवळ वाटेंतला धोंडा होऊन बसतो.

केनचें मोठेपण आमच्या मतें येथें आहे. त्यानें नवऱ्यास धोंडा होऊं दिलें नाहीं. निक हा जरा गबाळा, थोडा बढाईखोर, गाण्याचा आणि दारूचा शोकी. पण मनाचा मोकळा आणि भोळा. नवी विजेची पाटी करावयाची ठरते तेव्हां तो तिच्यावर ग्रीस आणि अमेरिका या दोहोंचीं निशाणें आणि हस्तांदोलन करणारे हात काढवून घेतो. त्याची एक चिकटवही आहे. तींत त्याचें नागरिकत्वाचें प्रमाणपत्र आहे, लग्नाच्या आठवणी आहेत, आणि स्नानगृहांतल्या 'अपघाता'नंतर त्याविषयींचीं वर्तमानपत्रांतील कात्रणेंही त्यानें मोठ्या हौसेनें तींत लावलीं आहेत. आपणांस मारूं पाहणारीं माणसें समोर बसलीं असतां तीं कात्रणें तो त्यांस कौतुकानें दाखवितो! फ्रँक घर सोडून गेल्यावर रस्त्यांत भेटतो, तेव्हां निकच त्यास आग्रह करून परत आणतो. आणि शेवटच्या रात्रीं, डोंगराळ रस्त्यावर, आपल्या आवाजाचा प्रतिध्वनि ऐकण्यासाठीं तो एक उंच सूर लावतो. त्याच क्षणीं मागून घाव बसतो. माणूस गतप्राण होतो, आणि मग समोरच्या डोंगरावरून त्याचा सूर परत येतो.

हें सर्व सांगणारा स्वतः खुनी आहे, हें विसरतां कामा नये. कादंबरी फ्रँकच्या तोंडून आहे. निक आपणांस आवडत असे, त्याच्या प्रेतयात्रेंत आपणांस रडूं आलें, हें तो अगदीं सहज सांगून जातो, आणि वाचकाच्या अंगावर कांटा येतो तो खुनापेक्षां या सहजपणामुळें. कोराचा तिटकाराही केननें उजळ करून दाखविलेला नाहीं. तिचे केस काळे. लोक आपणांस मेक्सिकन समजतील या भयानें ती कासावीस होते. निकला मूल हवें आहे हें ऐकतांच तिचा धीर सुटतो, कारण तें मूल ग्रीक माणसाचें असेल. म्हणजे ज्यास आपण प्रेमाचें वेड म्हणूं पाहतों त्याच्या तळाशीं जातीचा गर्व आणि दुकानाचा लोभ बसलेला आहे.

आतां पडद्याची अडचण पाहा. पुस्तकांत निक आपणांस फ्रँकच्या शब्दांतूनच दिसतो. पडद्यावर तो हाडामांसाचा नट होऊन समोर बसतो, जेवतो, हंसतो. तो भला दिसला तर त्या जोडप्याविषयीं प्रेक्षकांस तिळमात्र कळवळा वाटणार नाहीं. तो वाईट दिसला तर खुनास जणूं निमित्त मिळालें. या पेंचांतून जो तो आपापल्या परीनें वाट काढतो.

पहिला चित्रपट फ्रान्समध्यें १९३९ सालीं पियेर शनाल यानें काढला. त्यांत नवऱ्याचें काम मिशेल सिमों या थोर नटाकडे होतें, एवढी नोंद पुरे. दुसरा इटलींतला, 'ओसेसिओने', १९४३ सालचा. लुकीनो विस्कोन्ती याचा हा पहिलाच चित्रपट. कादंबरीचें फ्रेंच भाषांतर त्यास झां रन्वार या दिग्दर्शकानें दिलें होतें. मूळ लेखकाची परवानगी घेण्याच्या भरीस तो पडला नाहीं, आणि त्यामुळें अमेरिकेंत हा चित्रपट जाहीरपणें दाखविला जाण्यास १९७६ साल उजाडावें लागलें. विस्कोन्तीनें सारी गोष्ट पो नदीच्या सपाट, धुळीच्या, उन्हानें भाजलेल्या मुलखांत नेली. नवरा ब्रागाना हा लठ्ठ, आडदांड, बायकोवर हुकमत गाजविणारा आहे. परंतु त्यालाही गाण्याचा नाद आहे. हौशी गायकांच्या एका चढाओढींत तो वेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या संगीतिकेंतील एक पद गातो. तें पद घर सोडून बहकलेल्या मुलास परत बोलाविणाऱ्या बापाचें आहे. तें तो रंगून गातो, टाळ्या घेतो, आणि त्याच रात्रीं मारला जातो. खून पडद्यावर दिसतच नाहीं. दिसते ती उलटलेली मोटार आणि जमलेले पोलीस. वकिलांचे डावपेंच आणि विम्याची कलाबाजी विस्कोन्तीनें जवळजवळ टाकूनच दिली आहे. त्याऐवजीं खुनानंतर त्या घरांत राहणें कसें असह्य होतें, मेलेल्या माणसाच्या भिंती, मेलेल्या माणसाचें गिऱ्हाइक जारास कसें खावयास उठतें, याचें त्यानें सविस्तर चित्र काढलें. आमच्या दृष्टीनें हीच त्या चित्रपटाची खरी कमाई होय. त्या वेळच्या फासिस्ट अधिकाऱ्यांस हा इटलीचा चेहरा मुळींच रुचला नाहीं, आणि मूळ प्रत नष्ट झाली. विस्कोन्तीनें एक प्रत जपून ठेवली होती म्हणून तो आज पाहावयास मिळतो.

अमेरिकेंत मात्र मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेनें १९३४ सालींच हक्क विकत घेऊनही पुस्तक बारा वर्षें कपाटांत ठेवलें. त्याच वर्षीं तेथें चित्रपटांच्या नीतिसंहितेचा अंमल जोसेफ ब्रीन याच्या देखरेखीखालीं कडक झाला होता. केनच्याच दुसऱ्या कादंबरीवरील 'डबल इन्डेम्निटी' हा चित्रपट १९४४ सालीं त्या चाळणींतून पार पडला, तेव्हां कोठें यांस धीर आला. १९४६ च्या या चित्रपटांत लाना टर्नर हिला बहुतेक प्रसंगांत पांढऱ्या वस्त्रांत वावरविलें आहे; आपल्याकडील एखाद्या आजीबाईंस तो रंग पाहून कथेचा शेवट आधींच कळला असता. पण आमचें लक्ष नवऱ्याकडे. येथें निक पापाडाकिसचा निक स्मिथ झाला! ग्रीकपणा गेला, त्याबरोबर कोराचा जातिगर्वही गेला, आणि खुनास दुसरें कारण हुडकणें प्राप्त झालें. म्हणून हा निक वयस्क व दारूबाज केला. इतकेंच नव्हे, तर खानावळ विकून आपण कॅनडांत जाऊं आणि तेथें आपल्या अपंग बहिणीची तूं शुश्रूषा कर, असें तो बायकोस फर्मावतो. हा प्रसंग कादंबरींत नाहीं. नीतीच्या रक्षणासाठीं नेमलेल्या संहितेच्या छत्राखालीं खुनी बायकोस अशी एक सबळ सबब मिळावी, हा विनोद संहिता करणारांच्या लक्षांत आला नसावा. शेवटीं फ्रँक पाद्री व सरकारी वकील यांच्यापुढें त्या दोनदां वाजणाऱ्या घंटेचा अर्थ उलगडून सांगतो. केननें जें वाचकांवर सोंपविलें होतें तें येथें शाळेंतल्या धड्यासारखें फळ्यावर लिहून दाखविलें आहे. जॉन गारफील्डचा अभिनय उत्तम आहे, हें मात्र कबूल केलेंच पाहिजे.

१९८१ सालीं बॉब राफेलसन यानें हीच कथा पुन्हा घेतली. पटकथा नाटककार डेव्हिड मॅमेट याची. बंधनें सुटलीं होतीं, आणि त्यांचा लाभ कोठें घेतला गेला हें त्या काळच्या जाहिरातींवरून दिसत होतें; त्याविषयीं येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. निक पुन्हा ग्रीक झाला, जॉन कोलिकॉसनें तो जिवंतही केला. परंतु कोराच्या मृत्यूपाशींच चित्रपट थांबतो. फ्रँक रस्त्याच्या कडेला रडत राहतो, पुढचा खटला नाहीं, शिक्षा नाहीं. म्हणजे बायकोसाठीं अश्रू आहेत. निकचा हिशेब कोणी मागतच नाहीं. एका संहितेनें जें जबरदस्तीनें डोक्यावर लादलें होतें तें काढतांना कादंबरीचा कणाही बरोबर निघून गेला, असें आमचें मत आहे.

या सर्वांनंतर २००८ सालीं ख्रिस्टियन पेट्झोल्ड या जर्मन दिग्दर्शकानें 'येरिखोव' काढला. त्यांत मूळ कादंबरीचीं नांवें नाहींत, परंतु सांगाडा तोच आहे. नवरा अली हा तुर्कस्तानांतून आलेला, खाद्यपदार्थांच्या अनेक दुकानांचा मालक. जार म्हणजे अफगाणिस्तानांतून परतलेला एक बडतर्फ सैनिक. अली संशयी आहे, बायकोवर हात टाकतो, आणि तरीही ज्या देशानें आपणांस कधीं आपलें म्हटलें नाहीं तेथें आपण विकत घेतलेल्या बायकोबरोबर राहतों, हें तो स्वतःच्या तोंडानें बोलून दाखवितो. त्याचें हृदय दुखावलेलें आहे, आयुष्य थोडें उरलें आहे, हें त्याच्याशिवाय कोणास ठाऊक नाहीं. बायकोचा व मित्राचा बेत त्यास ऐन वेळीं कळतो. तो त्यांच्या हातून मरत नाहीं. मोटारींत बसून स्वतःच ती कड्यावरून खालीं घालतो.

ज्यांस यांपैकीं एकच चित्रपट पाहावयाचा असेल त्यांनीं इटालियन पाहावा. दोन पाहावयाचे असतील त्यांनीं त्यानंतर हा जर्मन पाहावा, आणि मुलें झोंपल्यावर पाहावा.