मोटारीतील ‘अबोला’ ओळखताना

मोटारीतील इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे नियंत्रक एकमेकांशी सतत संवाद साधत असतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीत हा संवाद पीळ दिलेल्या दोन तारांवरून चालतो. तो खंडित झाला की डॅशबोर्डवर अनेक दिवे एकदम लागतात; स्कॅनर ‘यू’ अक्षराचे दोषसंकेत दाखवतो. अशा वेळी महागडा नियंत्रक बदलण्याची घाई करू नये. प्रथम बॅटरी सोडवून दोन्ही तारांमधील रोध मोजून घ्यावा. दोन टोकांना १२० ओहमचे रोधक समांतर जोडलेले असल्याने तो सुमारे ६० ओहम भरायला हवा. १२० भरल्यास एक रोधक वा तार तुटलेली, शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींना चिकटलेल्या समजाव्यात. अनेकदा दोष गंजलेल्या जोडणीतच सापडतो आणि मोठा खर्च टळतो.