कुंडीतील कृष्णवड

वड, पिंपळ, उंबर ही झाडे घराच्या भिंतीलगत लावू नयेत, असे आपल्याकडील जाणती माणसे सांगत आली आहेत. हा सल्ला योग्यच आहे. या झाडांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून दगडांच्या सांध्यात पडते, तेथेच रुजते आणि मुळे जाड होऊ लागली की सांधे उकलतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. अशा कोरीव दगडांच्या फटीत वडाचे रोप दिसले, तर ते कोवळे असतानाच काढणे इष्ट ठरते.

असे असले तरी वडाचा एक प्रकार घरी जोपासता येतो. तो म्हणजे कृष्णवड. याच्या पानाच्या बुडाशी, देठालगत, कडा जुळून द्रोणासारखी वाटी तयार होते. बाळकृष्णाने चोरलेले लोणी या पानांत लपविले, अशी लोककथा आहे; हिंदीतील ‘माखनकटोरी’ हे नाव त्यावरूनच आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी काझिमिर द कांदोल या स्विस शास्त्रज्ञाने याला ‘फायकस कृष्णी’ असे नाव देऊन स्वतंत्र जाती मानले. पुढे अनेकांनी तो साध्या वडाचाच प्रकार ठरविला.

बियांपासून झालेल्या रोपांना वाटीची पाने येतीलच अशी खात्री नसते. म्हणून गुटी कलम करावे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरील सुमारे दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची साल वलयाकार काढावी. गळणारा चीक पुसून घ्यावा. तो त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असतो. जखमेभोवती ओले शेवाळ ठेवून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधावा. मुळ्या कागदातून स्पष्ट दिसू लागल्यावरच फांदी कापावी.

येथे महाराष्ट्रातील वाचकाने एक भेद ध्यानात घ्यावा. आपल्याकडे गुटी बांधण्याचा काळ म्हणजे जून-जुलै. तंजावरचा मुख्य पाऊस मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तेथे जूनमध्ये बांधलेली गुटी कोरड्या उन्हात सुकण्याचा धोका असतो. तेव्हा पंचांगाकडे न पाहता हवेतील ओलाव्याकडे पाहावे.

नवे कलम प्रथम सावलीत ठेवावे व क्रमाक्रमाने उन्हात आणावे. तळाशी भोक असलेल्या कुंडीत माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू घालावी. कावेरीकाठची गाळाची माती चिकट होते, म्हणून तेथे वाळूचे प्रमाण वाढवावे. दर दोन-तीन वर्षांनी झाड कुंडीतून काढून वाढलेली मुळे छाटावीत. हे काम टाळल्यास मुळे कुंडी फोडून जमिनीत शिरतात आणि मग कृष्णवडही इतर वडांप्रमाणेच भिंतीचा शत्रू होतो. छाटलेल्या फांद्या मात्र टाकू नयेत. त्यांतील जोमदार फांद्या शेजाऱ्यांना लावण्यास द्याव्यात. वाटीची पाने पुढच्या पिढीला पाहावयास मिळतात, ती अशा कलमांमुळेच.