शिवाराची राखण – लेखांक ६ : वई आणि वाट

भिवंडी तालुक्यात जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस भाताला मानवतो, तसा बांधावरच्या रानालाही मानवतो. कसत्या शेतात येता-जाता कोयता चालतो, म्हणून वई, म्हणजे बांधावरचे झुडपी कुंपण, आटोक्यात राहते. मात्र मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा या पट्ट्यात गोदामे उभी राहिली, घरातली तरुण माणसे तिथे किंवा यंत्रमागावर कामाला लागली आणि बरीच शेते पडीक राहिली. काही जमिनी विकल्या गेल्या, पण नवा मालक तिकडे फिरकतच नाही. अशा जागी घाणेरी माणसाच्या डोक्यावर जाते, हद्दीचा दगड करवंदाच्या जाळीत गडप होतो आणि बैलगाडीच्या वाटेची पायवाट होऊन शेवटी तीही बुजते.

सफाईची सुरुवात कागदापासून करावी. सातबारा क्षेत्र सांगतो, पण हद्द नेमकी कुठून जाते ते गटाच्या नकाशावरून कळते. शंका असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि खुणा पक्क्या होईपर्यंत बांधाला हात लावू नये. मुंबईला नागपूरशी जोडणारा समृद्धी महामार्ग याच तालुक्यात आमणे इथे संपतो आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. त्यामुळे जमिनीच्या भावाने इथे हातभर बांधालाही मोल आणले आहे. हद्दीची निशाणी मुद्दाम उखडणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे दंडास पात्र ठरते. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी सांगावे आणि तोड त्याच्यासमोरच करावी. बांधावरून उठणारी बहुतेक भांडणे न विचारता चाललेल्या कोयत्यापासून सुरू होतात.

वाटेचेही तसेच आहे. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी साधारण १६॥ ते २१ फूट धरतात. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात, त्याची रुंदी ८। फूट. मोजणीची साखळी ३३ फुटांची असते, तिचा हा पाव हिस्सा. नकाशातली वाट रानाने बुजली म्हणून तिच्यावरचा हक्क बुजत नाही. चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल तर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागावी लागते. या दोन मार्गांची गल्लत झाली की अर्ज अडकतो.

प्रत्यक्ष कामाला भातकापणीनंतरचे दिवस चांगले. जमिनीत ओल असते, मुळे सहज सुटतात आणि रानमोडीचे बी अजून वाऱ्यावर गेलेले नसते. बी उडाल्यावर केलेली तोड निम्मी वाया जाते.

सगळे सपाट करणे हा मात्र चुकीचा हिशेब आहे. निर्गुडी, शेर, मोगली एरंड, सागरगोटा ही वईची कामाची झाडे. ती गुरे अडवतात आणि त्यांची मुळे बांधाची माती धरून ठेवतात. ती छाटून दाट करावीत, उपटू नयेत. काढायची ती घाणेरी आणि रानमोडी. घाणेरी जमिनीलगत कापली तर त्याच बुंध्यातून आणखी धुमारे फुटतात. खोड जिथे मुळाला मिळते त्या जागेच्या तीन-चार बोटे खाली कुदळीने मूळ तोडावे, गड्डा उचलावा आणि मुळे वर करून उन्हात टाकावा. गड्डा तसाच वाळतो, पुन्हा फुटत नाही. तणनाशक उताराने भातखाचरात आणि विहिरीत उतरते, म्हणून बांधावर ते टाळलेलेच बरे.

जाळीत हात घालण्याआधी लांब काठीने ती झोडपावी. फुरसे आणि घोणस अशाच पाचोळ्यात पडून असतात. पायात गमबूट हवेत, आणि आकडीने फांदी ओढून घेतल्यावरच कोयता मारावा. ब्रश कटर गवतावर आणि कोवळ्या झुडपांवर झपाट्याने चालतो. जेसीबी वाट मोकळी करायला ठीक, बांधावर मुळीच नको. त्याच्या एका फेरीत हद्दीचा दगड आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माती दोन्ही जातात.

झुडपे आणि झाडे यांत कायदा फरक करतो. साग, ऐन, खैर, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या बांधावरचे असले तरी असे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. काल्हेर, केवणी, अलिमघरच्या बाजूला खाडीलगत तर आणखी जपायला हवे. खारबंदिस्ती फुटून खारे पाणी शेतात शिरले की मागोमाग कांदळवनाची तिवरे येतात. शेत आपले म्हणून ती तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवने तोडायला मनाई केली आहे.

तोडलेल्याची विल्हेवाट शेतातच लागते. काटेरी फांद्या वईच्या भगदाडात रचाव्यात. पाल्याच्या फांद्या, म्हणजे कवळ, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) वाळत ठेवाव्यात. ढीग जागच्या जागी पेटवू नये, बांधावरच्या वाळल्या गवतातून आग शेजारच्या माळावर जाते.

मोकळ्या झालेल्या वाटेला पहिला धोका पाण्याचा. वाट मधोमध थोडी उंच, दोन्ही कडांना चर आणि ओहोळाच्या जागी मोरी एवढे असले तरच मुरूम टिकतो. उन्हाळ्यात वाट गुळगुळीत दिसली म्हणून चर टाळला, तर पहिल्या मोठ्या पावसात मुरूम खाचरात उतरतो. दरवर्षी कापणी उरकल्यावर दोन माणसांनी कोयता घेऊन हद्दीवरून एक फेरी मारली, तर पुढे यंत्र बोलावण्याची वेळ सहसा येत नाही. ज्यांची जमीन पडीक आहे त्यांनी निदान ही एक फेरी चुकवू नये.