उजेडात ठरलेलं अंधारात मोडू नये
(लेखमाला : विश्वासाची वाटचाल, भाग सहावा)

प्रार्थना कोरडी का पडते, ते मागच्या भागात पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्याच पुढचा. देव जवळ आहे हे एकदा लख्ख उमगलेलं असतं. मग पावसानं दडी मारली, पीककर्ज थकलं, घरात आजारपण शिरलं, की ते उमगलेलं जातं कुठे? दुबार पेरणीचा फटका बसलेल्या वाशीमच्या कुटुंबाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. देव जवळ आहे हे उमगतं त्या क्षणी मन भरून येतं, डोळे पाणावतात. ही भावना ओसरणारच. ती ओसरली म्हणजे विश्वास गेला, असं नाही. एलीया संदेष्ट्यानं कर्मेल डोंगरावर स्वर्गातून उतरलेला अग्नी डोळ्यांनी पाहिला आणि लगेच पुढच्याच अध्यायात तो रानात झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. देवानं त्याला आधी फैलावर घेतलं नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर झालं. थकलेल्या, उपाशी शरीराला आत्मिक अपयशाचा दोष लावण्याआधी हे आठवावं.

भावना जाते, पण त्या क्षणी जे कळलं ते राखता येतं. त्यासाठी ख्रिस्ती परंपरेनं काही पक्के मार्ग घालून दिले आहेत.

पहिला मार्ग लिहून ठेवण्याचा. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल याला 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री एक विलक्षण अनुभव आला. त्यानं तारीख आणि वेळेसकट तो तुटक शब्दांत टिपला आणि तो मजकूर कोटाच्या अस्तरात शिवून घेतला. 1662 मध्ये तो वारला, तेव्हा तो मजकूर नोकराच्या हाती लागला. पास्कलच्या शेवटच्या वर्षांत आजारपणानं त्याची पाठ सोडली नव्हती, तरी तो मजकूर त्यानं जवळच ठेवला होता.

दुसरा मार्ग मराठी मंडळ्यांत अंगवळणी पडलेला आहे. चारचौघांत उभं राहून साक्ष देणं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. तरुणपणी दुष्काळाच्या हालांत आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षं होण्याआधीच 1882 मध्ये पती गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी, धर्म स्वीकारला पण ख्रिस्त अजून भेटला नव्हता, हे त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी कळलं, आणि हे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत लपवलं नाही. साक्ष देणाऱ्याचं गुपित मंडळीच्या मालकीचं होऊन जातं. उद्या तो स्वतः विसरला, तर बाकीचे त्याला आठवण करून देतात. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. रमाबाई स्वतः 1922 मध्ये गेल्या. तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी खाली ठेवलं नव्हतं.

इथेच तिसरा मार्ग दिसतो, कामाचा. त्याची खूण वाशीम शहरातच आहे. नाझरीन चर्चच्या डॉ. ओर्फा स्पायकर 1936 मध्ये भारतात आल्या आणि 1938 मध्ये वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. सेवेची हाक ऐकू येते ती एखाद्या प्रार्थनेत, एखाद्या सभेत. बाळंतपणं, ताप आणि जखमा मात्र रोजच्या. आज मन उत्साही आहे का, हे रुग्ण विचारत नाही. अंगावर घेतलेलं काम आपल्याला त्या हाकेशी बांधून ठेवतं, मन कोरडं असेल तेव्हाही.

या तिन्हींना धरून ठेवणारा नियम इग्नेशियस लॉयोला यांनी सोळाव्या शतकात सांगितला. मन काळोखात असताना आधी उजेडात केलेला निश्चय बदलू नका. आणि मन प्रसन्न असेल, तेव्हाच पुढच्या कोरड्या दिवसांची तजवीज करा. कुणबी घरात हे वेगळं शिकवावं लागत नाही. उपासमार आली तरी बियाण्याच्या पोत्याला हात लावायचा नसतो.

एक सावधगिरी हवी. प्रत्येक उचंबळ म्हणजे देवाची वाणी नव्हे. जे उमगलं ते पवित्र शास्त्राशी ताडून पाहावं, पाळकांशी किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या आजीशी बोलावं. त्यातून प्रेम आणि जबाबदारी वाढत असेल तर ते राखण्याजोगं आहे. नुसता अहंकार वाढत असेल, तर सोडून द्यावं. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं झालं असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडेही जावं. एलीयाला आधी भाकरच मिळाली होती.

या आठवड्यासाठी एवढंच. आपल्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन ओळी लिहा. केव्हा कळलं, काय कळलं, त्यामुळे काय करायचं ठरवलं. मग त्या घरातल्या किंवा मंडळीतल्या एका माणसाला वाचून दाखवा, आणि मी डगमगलो तर मला हे वाचून दाखव, असं सांगून ठेवा.

पुढच्या भागात : आसाफाचं 77 वं स्तोत्र. तक्रारीपासून आठवणीपर्यंत ते कसं पोचतं?