आमच्यानंतर याचं काय?

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांची बैठक कुठेही भरो, हा प्रश्न हमखास निघतो. नातेवाईक आणि शेजारीपाजारी त्याचं एकच उत्तर देतात: एखादी चांगली संस्था बघून ठेवा. सल्ला आपुलकीचा असतो, पण त्यात एक गैरसमज दडलेला आहे. या व्यक्तींना लागणारा आधार म्हणजे लहानपणी विशेष शाळा आणि आईबाप थकल्यावर वसतिगृह, मधल्या काळात घरच्यांनी निभावून न्यायचं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वसतिगृह लागेल की नाही, हे या मधल्या काळात कोणता आधार मिळाला यावर बरंचसं ठरतं.

सुरुवात होते ती ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला’ या दिलाशाने. काही मुलं खरंच उशिरा बोलतात. पण वाट पाहायची की नाही हे तपासणीनंतर ठरवायचं असतं. 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्या पालघरमधूनच झाला. त्यात आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करायची असते. केवळ वजन-उंची आणि दात पाहण्यासाठी ही तपासणी नाही. विकासातला विलंब ओळखणं हाही तिचा भाग आहे, आणि शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे मोफत पाठवलं जातं. इथेच दुसरा घोटाळा होतो. थेरपी म्हणजे औषधोपचार आणि कोर्स पूर्ण झाला की मूल ‘बरं’ होणार, अशी अपेक्षा ठेवली जाते. ते झालं नाही की थेरपीच निरुपयोगी ठरते आणि बंद पडते. बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही ती मनोविकाराच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली आहे. थेरपीचं यश मोजायचं ते मुलाला स्वतःचं काय काय करता येऊ लागलं यावर.

विशेष शिक्षक शर्ट घालायला कसा शिकवतात, हे पाहण्यासारखं आहे. बाह्या घालून देतात, वरची सगळी बटणं लावून देतात आणि शेवटचं तेवढं मुलाकडे सोपवतात. ते जमलं की शेवटची दोन. असं उलट्या क्रमाने जात काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी शर्ट त्याचा त्याने घातलेला असतो, आणि प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. चुलत्याकडे चार दिवस राहता येणं किंवा कार्यशाळेत जाता येणं शेवटी अशाच गोष्टींवर अवलंबून असतं. घाईच्या सकाळी आईने सगळी बटणं लावून टाकणं समजण्यासारखं आहे, पण वीस वर्षं तेच चाललं तर मुलाच्या परावलंबनाला आपणही हातभार लावलेला असतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज अठराव्या वर्षानंतरचा. आईवडील हे आपोआप कायमचे पालक असतात, असं जवळजवळ सगळेच समजतात. कायद्याच्या दृष्टीने अठरा पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान असते आणि आईची सहीसुद्धा तिच्या वतीने चालेलच असं नाही. बँकेत किंवा वडिलांच्या निधनानंतर वारसाच्या कागदांवर हे अचानक समोर येतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समितीची सोय आहे. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. अर्ज आला की पालकत्वाची गरज आहे का आणि ते नेमकं कशापुरतं, हे समिती पाहते. ‘म्हणजे काकाच्या हाती जमीन द्यायची का?’ ही भीती निराधार नाही. म्हणूनच नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब देणं पालकावर बंधनकारक आहे. गैरवापर झाला तर पालक हटवता येतो. मात्र अठरा झाले की सरसकट प्रत्येकाला पालक हवाच, हेही चूक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा रोख मर्यादित पालकत्वाकडे, त्या व्यक्तीशी बोलून निर्णय घेण्याकडे आहे. ज्याला आपले पगाराचे पैसे कशावर खर्चायचे हे सांगता येतं, त्याचा तो अधिकार मदतीच्या नावाखाली काढून घेणं बरोबर नाही.

हे सगळं कागदावर, असा आक्षेप येतो, आणि तो निम्मा खरा आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत; समित्यांच्या बैठका लांबतात. आपण आधी शाळा काढल्या: मुंबईची जय वकील 1944 ची, पुण्याची कामायनी 1964 ची. प्रौढांचा विचार फार नंतर झाला. बदलापूरची ‘आधार’ संस्था तर पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. प्रौढांसाठीच्या जागा आजही गरजेच्या मानाने फारच थोड्या आहेत आणि ही उणीव कोणत्याही योजनेने भरून निघत नाही. पण उरलेला निम्मा भाग न मागितल्याने वाया जातो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आधीपासूनच्या स्थितीमुळे अर्ज नाकारला जात नाही आणि नियमित थेरपीचा खर्चही त्यात बसतो. तरी ‘अशा मुलांचा विमा निघत नाही’ हे वाक्य पालकांच्या तोंडून ऐकू येतंच.

गावात काहीच नाही, ही तक्रारही तपासून घ्यावी. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. अनेक ठिकाणी ही रक्कम वर्षाअखेरीस सारखी वाटून टाकली जाते, म्हणजे प्रत्येकाच्या हाती थोडेसे पैसे येतात आणि विषय संपतो. छोट्या पंचायतीचे 5 टक्के ते कितीसे, असं कुणी म्हणेल. एकट्या गावाला ते अपुरेच पडतील. शेजारच्या पाच-सहा गावांनी मिळून आठवड्यातून दोन दिवस थेरपिस्ट आणण्याचा किंवा तालुक्याच्या कार्यशाळेपर्यंत गाडी सुरू करण्याचा प्रस्ताव मांडला, तर मात्र त्यांचा हिशेब बदलतो. तो प्रस्ताव मांडण्याची जागा ग्रामसभा आहे, आणि तिथे मागच्या वर्षीचे 5 टक्के कशावर खर्च झाले हे विचारण्याचा हक्क गावातल्या प्रत्येक मतदाराला आहे.