घर नाकारण्याचे स्वातंत्र्य आणि घर मिळण्याचा हक्क : निवासातील भेदभाव व कायद्याची अंमलबजावणी (विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

प्रस्तावना :

भाड्याने खोली पाहावयास गेलेल्या माणसास भाड्याची रक्कम सांगण्यापूर्वी पुष्कळदा आडनाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा न झाल्यास गाव विचारले जाते, त्यानंतर आहार विचारला जातो. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की खोली रिकामी आहे की 'कालच दिली' आहे, हे ठरते. घर विकत घेतानाही हीच प्रश्नावली थोड्या सभ्य भाषेत पुढे येते. या व्यवहारात कोणी कोणास अपशब्द वापरीत नाही, कोणी हात उगारीत नाही, कागदावर काही उमटत नाही. तरीही एका नागरिकास त्याच्या जन्मामुळे निवारा नाकारला गेलेला असतो.

अमेरिकेत वर्णभेदामुळे घर नाकारण्याच्या प्रथेविरुद्ध १९६८ साली स्वतंत्र कायदा झाला. भारतात असा कायदा नाही, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धसत्य आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून घर नाकारणे हा भारतात १९५५ पासून, म्हणजे अमेरिकेच्या १३ वर्षे आधीपासून, दंडनीय अपराध आहे. तत्त्व आपण आधी स्वीकारले. ते तत्त्व सिद्ध करण्याचे आणि अमलात आणण्याचे साधन मात्र निर्माण केले नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील वस्तीरचना :

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअठरा टक्क्यांच्या आसपास, तर अनुसूचित जातींचे सुमारे १२ टक्के होते. जिल्ह्यात सोळा तालुके असून त्यांच्या वस्तीरचनेचा इतिहास भाषेतच नोंदला गेला आहे. कोलामांचा 'पोड', बंजारा समाजाचा 'तांडा', पारध्यांचा 'बेडा' आणि गावाच्या कडेचा बौद्धवाडा या शब्दांतून कोण कोठे राहतो, हे सहज कळते.

येथे एक विवेक राखणे आवश्यक आहे. प्रत्येक स्वतंत्र वस्ती म्हणजे भेदभाव नव्हे. पोड व तांडा यांच्या घडणीत उपजीविका, जंगलाचे सान्निध्य, भटके जीवन आणि सामुदायिक परंपरा यांचाही वाटा आहे. स्वेच्छेने एकत्र राहणे आणि दुसरीकडे राहू न दिल्यामुळे एकत्र राहावे लागणे यांतील भेद ओळखण्याची कसोटी साधी आहे : त्या वस्तीतील शिकलेला, नोकरी लागलेला मुलगा यवतमाळ, पुसद, वणी वा दारव्हा येथे स्वतःच्या ऐपतीप्रमाणे हव्या त्या भागात घर घेऊ शकतो काय? उत्तर होकारार्थी असेल, तर वस्ती ही निवड आहे. नकारार्थी असेल, तर ती सक्ती आहे.

शासनाच्या गृहयोजनांनी या कसोटीचा विचार क्वचितच केला. रमाई आवास, शबरी घरकुल यांसारख्या योजनांनी अनेक कुटुंबांना पक्के छप्पर दिले, हे निर्विवाद होय. परंतु घरकुल बहुधा जेथे कुटुंब आधीपासून राहते, तेथेच उभे राहते. त्यामुळे घर पक्के होते आणि त्याबरोबर वस्तीची सीमाही पक्की होते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच होता. पण नाव बदलल्याने नकाशा बदलत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

शिक्षण आणि पद मिळाले की हा प्रश्न आपोआप सुटतो, असे मानणाऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बडोद्यातील अनुभव पुरेसा बोलका आहे. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहावे लागले आणि खरी ओळख कळताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर पडण्यास भाग पाडले. परिचितांकडेही आसरा मिळाला नाही आणि अखेरीस त्यांना बडोदा सोडावे लागले.

या अनुभवाचे पडसाद त्यांच्या घटनात्मक विचारात दिसतात. १९४७ साली त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन सादर केले. त्यात सामाजिक बहिष्काराची व्याख्या करताना घर वा जमीन वापरण्यास देण्याचे नाकारणे याचा स्पष्ट अंतर्भाव आहे. ही व्याख्या १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे केलेली होती. पुढे हीच शब्दरचना बहुतांशी भारतीय कायद्यात आली.

प्रचलित कायदेशीर तरतुदी :

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. हा अनुच्छेद केवळ शासनावर नव्हे, तर खाजगी व्यक्तीवरही बंधनकारक आहे. त्यास अनुसरून झालेल्या १९५५ च्या अधिनियमाचे १९७६ साली 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' असे नामांतर झाले. त्याच्या कलम ४ नुसार कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधणे, संपादन करणे वा तिचा भोगवटा करणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून निर्बंध लादणे हा अपराध आहे. कलम ७ च्या स्पष्टीकरणात घर वा जमीन भाड्याने देण्यास नकार देणे हा बहिष्काराचा प्रकार मानला आहे. कलम १२ तर आणखी पुढे जाते : अपराध ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले, असे न्यायालयाने विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावयाचे आहे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात २०१५ साली दुरुस्ती होऊन सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र अपराध ठरला. या अधिनियमाचे संरक्षण अनुसूचित जमातींनाही असल्याने कोलाम, गोंड, फासेपारधी यांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

या संरक्षणाच्या बाहेर मात्र मोठा समाज राहतो. महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जाणारा बंजारा समाज वरील दोन्ही अधिनियमांच्या मुख्य कक्षेत येत नाही. मुस्लिम नागरिकास धर्मामुळे घर नाकारले गेले, तर त्यासाठी विशिष्ट कायदाच नाही. अनुच्छेद १५(१) शासनास बांधतो; अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी इत्यादींपुरता खाजगी व्यक्तींस लागू होतो, पण त्यात 'घर' हा शब्द नाही. मुस्लिमांना भाड्याने घर मिळण्यातील अडचणींची नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात घेतली होती. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. परंतु त्याचा रोख एकाच समाजाने आपल्याच सदस्यास वाळीत टाकण्याच्या प्रथेवर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आणि स्थावर संपदा अधिनियम २०१६ यांतही घर देताना भेदभाव करू नये, असे स्वतंत्र कलम नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्था आणि २००५ चा निर्णय :

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण चळवळीचा आरंभच ज्ञातीच्या आधारे झाला. १९१५ साली मुंबईतील गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था या क्षेत्रातील आद्य संस्था होय. परक्या शहरात आलेल्या मध्यमवर्गास आपल्या माणसांच्या सहवासात परवडणारे घर मिळावे, हा तिचा हेतू समजण्यासारखा होता. तथापि 'आपल्यांसाठी' उभारलेली भिंत 'इतरांविरुद्ध'ही उभी राहते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ ने खुल्या सभासदत्वाचे तत्त्व मांडले : पात्र व्यक्तीस पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. मात्र अहमदाबाद येथील झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निराळी भूमिका घेतली. सभासदत्व केवळ पारशी व्यक्तींपुरते ठेवणारा उपविधी न्यायालयाने वैध ठरविला व त्यासाठी संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. पारशांसारख्या अत्यल्प समाजाच्या बाबतीत हा युक्तिवाद सहानुभूतीने पाहता येईल. पण तोच युक्तिवाद बहुसंख्य व संपन्न ज्ञातींच्या हाती गेल्यास शहरेच्या शहरे कुंपणांत विभागली जातील. २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अनुच्छेद १५(२) मधील 'दुकाने' या शब्दाचा अर्थ व्यापक करून खाजगी सेवा पुरविणाऱ्यांनाही त्याच्या कक्षेत आणले. हे सूत्र घरांच्या बाजारपेठेपर्यंत नेता येईल, असा अनेक अभ्यासकांचा युक्तिवाद आहे.

अमेरिकेचा अनुभव :

अमेरिकेत कृष्णवर्णीयांना घर विकू नये, असे करार खरेदीखतांतच लिहिले जात. १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना असे करार अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. करार निष्प्रभ झाले, पण तोंडी नकार चालूच राहिला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरातच, ११ एप्रिल १९६८ रोजी, समन्याय्य गृहनिर्माण कायदा अस्तित्वात आला.

हा कायदाही आरंभी दुबळा होता. केंद्रीय गृहनिर्माण खात्यास केवळ समेट घडवून आणण्याचा अधिकार होता; पीडित व्यक्तीस स्वखर्चाने दावा लावावा लागे. त्यास बळ आले ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे 'जोडी-चाचणी'. उत्पन्न, नोकरी, कुटुंब सर्व सारखे असलेल्या, केवळ वर्णाने भिन्न अशा दोन व्यक्ती एकाच घराची चौकशी करतात. एकास घर दाखविले गेले व दुसऱ्यास 'रिकामे नाही' असे सांगितले गेले, तर तो विरोधाभासच पुरावा ठरतो. १९८२ साली हॅवन्स रिअल्टी प्रकरणात चुकीची माहिती दिल्या गेलेल्या चाचणीकर्त्यासही दावा दाखल करण्याचा अधिकार मान्य झाला. दुसरी गोष्ट म्हणजे १९८८ ची दुरुस्ती. तिने खात्यास स्वतः आरोप दाखल करण्याचा अधिकार दिला व प्रशासकीय न्यायाधीशांपुढे तुलनेने सुलभ मार्ग खुला केला.

तेथील वस्त्यांचे विभाजन यामुळे संपले, असे म्हणता येणार नाही. पण 'जागा नाही' या दोन शब्दांमागे लपणे तेथील घरमालकास व दलालास पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

उणीव कोठे आहे?

आता भारतीय कायद्याकडे पुन्हा पाहिले असता तीन उणिवा स्पष्ट होतात.

पहिली उणीव पुराव्याची. कलम १२ चे गृहीतक प्रभावी असले, तरी ते लागू होण्यापूर्वी नकाराचे कृत्य सिद्ध व्हावे लागते. मालक 'पुतण्या राहावयास येणार आहे' असे म्हणतो आणि प्रकरण तेथेच संपते. जोडी-चाचणीचे तंत्र भारतात अपरिचित नाही. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दिल्ली व लगतच्या शहरांत याच पद्धतीने भाड्याच्या घरांची पाहणी केली. सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना, आणि त्याहूनही अधिक मुस्लिम नावांना नकार मिळाल्याचे त्या अभ्यासात आढळले. संशोधनात मान्य झालेले हे तंत्र आपल्या अंमलबजावणीत मात्र आलेले नाही.

दुसरी उणीव उपायाच्या स्वरूपाची. नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ४ खाली एक ते सहा महिने कारावास व १०० ते ५०० रुपये दंड अशी शिक्षा आहे. घर शोधणाऱ्यास मालकाचा कारावास नको असतो, त्यास घर हवे असते. फौजदारी मार्ग त्यास पोलीस ठाणे, साक्षी व वर्षानुवर्षांच्या तारखा देतो. खोली देत नाही. नुकसानभरपाई वा तात्काळ आदेश देणारा दिवाणी स्वरूपाचा मार्ग येथे नाही.

तिसरी उणीव जबाबदार यंत्रणेची. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००८ साली समान संधी आयोगाची शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. खाजगी क्षेत्रातील भेदभावासही लागू होणारे एक अशासकीय विधेयक २०१७ साली लोकसभेत मांडले गेले, तेही मंजूर झाले नाही.

महाविद्यालयांशी असलेला संबंध :

हा प्रश्न महानगरांचा आहे, असे समजून महाविद्यालयीन प्राध्यापकवर्गास त्यापासून दूर राहता येणार नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 'स्वाधार' आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम' या योजना शासनाने २०१६-१७ पासून सुरू केल्या. स्वाधारच्या मूळ रचनेत जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपयांची तरतूद होती व त्यांपैकी १२,००० रुपये निवासासाठी होते. या योजनांमागे एक अध्याहृत गृहीतक आहे : पैसे हाती आले की खोली मिळेल. झरी जामणीच्या पोडावरून वा नेरच्या बेड्यावरून यवतमाळला शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे गृहीतक खरे ठरते की नाही, हे तपासणारी कोणतीही तरतूद योजनेत नाही. खोली न मिळाल्याने शहराच्या टोकाला राहणारा विद्यार्थी हजेरीपटावर प्रथम 'अनियमित' होतो व नंतर नाहीसा होतो. शिक्षणातील गळतीची कारणे शोधताना दारिद्र्य, भाषा, बालविवाह यांचा विचार होतो; 'खोली मिळाली नाही' हा रकाना आपल्या प्रपत्रांत नसतो.

यासाठी महाविद्यालयांना काही गोष्टी तातडीने करता येतील. प्रवेशानंतर विद्यार्थ्यांच्या निवासाची नोंद ठेवणे व नकाराची कारणे लिहून घेणे. भेदभाव न करण्याची लेखी हमी देणाऱ्या घरमालकांचीच यादी सूचनाफलकावर लावणे. आणि समाजशास्त्र व समाजकार्य विभागांनी व्यक्तींची ओळख गुप्त राखून शहरनिहाय जोडी-चाचणीचे अभ्यास हाती घेणे, या त्यांतील प्रमुख होत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी समान संधी कक्षाची कल्पना मांडली. त्या कक्षाची दृष्टी महाविद्यालयाच्या फाटकापाशी थांबू नये. शासन स्तरावर नोंदणीकृत दलालांच्या अटींत भेदभावाची मनाई समाविष्ट करणे आणि सर्व समाजांना लागू होणारा दिवाणी उपायांचा कायदा करणे आवश्यक आहे.

समारोप :

आपले घर कोणास द्यावे, हा मालकाचा हक्क आहे, असे नेहमी म्हटले जाते. मालकाने भाडेकरूची मिळकत पाहावी, वर्तन पाहावे, करारनामा करावा. तो त्याचा हक्क निर्विवाद आहे. प्रश्न जन्माचा आहे. जे घर बाजारात मांडले गेले, ते त्या क्षणी खाजगी उंबरठा ओलांडून सार्वजनिक व्यवहारात आलेले असते आणि सार्वजनिक व्यवहारास संविधानाचा नियम लागू व्हावयास हवा. १९५५ साली हा नियम आपण लिहून ठेवला. नकार देणाऱ्यास त्याचे कारण सांगावे लागेल, अशी व्यवस्था निर्माण करणे एवढेच काम उरले आहे; आणि ते जितके लांबेल, तितके आडनाव हेच भाडेपट्ट्याचे पहिले कलम राहील.